न पुसलेला सूर

मैफलीत गवयाचा एखादा सूर हुकला, तर जाणकाराच्या कपाळावर क्षणभर आठी पडते. पुढची तान समेवर आली की ती आठीही जाते आणि हुकलेला सूरही हवेत विरून जातो. तबकडीचे तसे नाही. तिच्यावर उमटलेला चुकीचा सूर कायमचा. आजोबांनी ऐकला, नातवाने ऐकला, तरी तो तिथेच. म्हणूनच की काय, मोठमोठे कलावंत हजार माणसांसमोर निर्धास्त बसतात आणि ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासमोर मात्र त्यांच्या तळहातांना घाम फुटतो.

आणि तरीही गंमत अशी की, जगभरच्या रसिकांनी ज्या तबकड्या जिवापाड जपल्या, त्यांतल्या कितीतरी प्रत्यक्ष मैफलीत घेतलेल्या आहेत. त्यांत खोकले आहेत, खुर्च्यांची कुरकुर आहे, हुकलेले सूर आहेत. बंद खोलीत दहा वेळा वाजवून, त्यांतले उत्तम तेवढे निवडून केलेली निर्दोष तबकडी शेजारी असताना माणसे ही सदोष तबकडी का लावतात? या प्रश्नाचा माग काढायचा तर पाश्चात्य संगीतातील पियानोकडे जावे लागते. त्या वाटेवर अमेरिका लागते, जर्मनी लागते, आणि बरेच पुढे गेल्यावर आपली मुंबईही लागते.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, उरण-पनवेलच्या वाटेवरच्या आमच्या जासईला पियानोचे काय? भातशेतीचा आणि मिठागरांचा हा मुलूख. इथल्या लग्नात ढोल वाजला, बँड वाजला. पियानो कोणी पाहिला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी आपोआप येईल. तोवर थोडा धीर धरावा.

पियानोची ओळख आधी करून घेऊ. इ.स. १७०० च्या सुमारास इटलीतील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने हे वाद्य घडवले. आजच्या पियानोला काळ्या-पांढऱ्या मिळून ८८ पट्ट्या असतात. पट्टी दाबली की आतली नमदा लावलेली लहानशी हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. बोट हलके पडले तर सूर हलका, जोरात पडले तर सूर मोठा. आपल्या पेटीसारखीच याच्यातूनही मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे या वाद्याला ठाऊक नाही. म्हणून आपल्या कानाला तो प्रथम कोरडा वाटतो. परंतु एकाच वेळी दहा बोटांनी दहा सूर उभे करण्याचे त्याचे सामर्थ्य पाहिले, की युरोपातल्या संगीतकारांनी त्याला सिंहासनावर का बसवले ते कळते.

पियानोचा ‘कॉन्चेर्टो’ म्हणजे एकटा पियानो आणि समोर साठ-सत्तर किंवा त्याहूनही अधिक वादकांचा वाद्यवृंद, यांचा संवाद. बहुधा तीन भागांचा, अर्ध्या-पाऊण तासाचा. आपल्या जुगलबंदीशी त्याचे थोडे नाते आहे. फरक एवढाच, की इथे प्रत्येक सूर आधी कागदावर लिहिलेला असतो. पण लिहिलेले असले म्हणून धोका टळत नाही. वादकाने एक क्षण घाई केली आणि संचालकाची काठी एक क्षण मागे राहिली, की सगळी गाडी रुळावरून घसरते. कॉन्चेर्टो वाजवणे ही दोरीवरची कसरत आहे, आणि प्रत्यक्ष मैफलीत खाली जाळे नसते.

ही कसरत टिपून ठेवण्याची कल्पना माणसाला फार लवकर सुचली. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला आणि त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १८८८ च्या जून महिन्यात, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅन्डेल या संगीतकाराच्या महोत्सवात तो यंत्रप्रकार मांडला गेला. समोर सुमारे चार हजारांचा गायकवृंद आणि यंत्र कितीतरी लांब! त्या मेणाच्या नळकांड्यांतून आज जे ऐकू येते ते दूरच्या समुद्राच्या गाजेसारखे आहे. पुढे १९०१ ते १९०३ या काळात न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरातील ग्रंथपाल लायोनेल मेपलसन याने रंगमंचाच्या आडोशाला बसून चालू प्रयोगाचे तुकडे नळकांड्यांवर उतरवले. दोन-दोन मिनिटांचे हे तुकडे आहेत. खरखरीतून वर येणारे आवाज आणि मग एकाएकी फुटलेल्या टाळ्या! ती माणसे कधीच काळाआड गेली, परंतु त्यांच्या टाळ्या अजून वाजत आहेत.

आपल्याकडे १९०२ साली फ्रेड गायसबर्ग हा इंग्रजी ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास उतरला आणि त्याने गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव पुकारते, ते नाव आजही ऐकू येते. पण तबकडीची एक बाजू म्हणजे तीन मिनिटे. ज्यांना राग मांडायला तास लागे, त्यांनी तो तीन मिनिटांत आटपायचा. साऱ्याच बुजुर्गांचे गाणे या तीन मिनिटांत बसले नाही. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ १९४६ साली मुंबईत वारले. त्यांचाही आवाज आपल्याला ऐकता येत नाही. त्यांचे मोठेपण आपण शिष्यांच्या गळ्यातून आणि जुन्या माणसांच्या आठवणींतून ताडायचे.

तीन-चार मिनिटांची ही अडचण युरोपातही होती. पाऊण तासाचा कॉन्चेर्टो तुकडे पाडून चार-पाच तबकड्यांवर बसवत. वादक चार मिनिटे वाजवी, थांबे, मेणाची नवी तबकडी लागे, की पुन्हा वाजवी. ऐकणाराही उठून तबकडी उलटी करी. आपल्या घरी कोणी हरदासी कथा सांगताना दर चार मिनिटांनी पाणी प्यायला उठावे, तसा तो प्रकार.

जर्मनीत १९३० नंतरच्या दशकात चुंबकीय फितीचे यंत्र तयार झाले, आणि ही अडचण संपली. फितीवर अखंड संगीत घेता येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांत बर्लिनच्या रेडिओने वाल्टर गीझेकिंग या पियानोवादकाकडून बेटोव्हेनचा पाचवा कॉन्चेर्टो वाजवून घेतला. वाद्यवृंदाचा संचालक होता आर्टूर रोटर. आज ती फीत ऐकताना, पियानो एकटा वाजत असतो अशा हळुवार जागी, मागे कुठेतरी धप् धप् असे आवाज येतात. ते विमानविरोधी तोफांचे आवाज आहेत. बाहेर शहर जळत होते आणि आत एक माणूस पट्ट्यांवर बोटे ठेवून बसला होता. योगायोग असा, की बेटोव्हेनने हा कॉन्चेर्टो रचला तो १८०९ च्या सुमारास, आणि त्याच साली नेपोलियनच्या तोफा व्हिएन्नावर आग ओकत होत्या. बेटोव्हेन तेव्हा भावाच्या घराच्या तळघरात कानांवर उशा दाबून बसला होता, असे सांगतात. ज्या संगीताच्या जन्माला तोफा हजर होत्या, त्याच्या ध्वनिमुद्रणालाही त्या हजर राहिल्या. स्वच्छ खोलीत केलेल्या कुठल्याही तबकडीला हे सांगता येणार नाही.

मात्र फितीबरोबर कात्रीही आली. फीत कापता येते, जोडता येते. दुसऱ्या प्रयत्नातला चांगला तुकडा पहिल्यात डकवता येतो. वादकाला भय उरले नाही. चुकले तर पुन्हा वाजवू! बंद खोलीतली तबकडी निर्दोष होऊ लागली आणि नेमक्या त्याच वेळी रसिकांना निर्दोषपणाचा थोडा कंटाळा येऊ लागला.

याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. व्लादिमिर होरोविट्झ हा रशियन साम्राज्यात, कीव्हकडे, १९०३ साली जन्मलेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला पियानोवादक. जगप्रसिद्ध संचालक आर्तुरो तोस्कानिनी हे त्याचे सासरे. १९४१ साली सासरे-जावयांनी मिळून चायकोव्हस्कीचा पहिला कॉन्चेर्टो तबकडीसाठी वाजवला. दोनच वर्षांनी, २५ एप्रिल १९४३ रोजी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी तोच कॉन्चेर्टो श्रोत्यांसमोर वाजवला. युद्धकर्जाचे रोखे घेणाऱ्यांनाच त्या दिवशी आत प्रवेश होता, आणि त्या एका बैठकीतून एक कोट डॉलरांहून अधिक रक्कम जमली. दोन्ही वादने आज उपलब्ध आहेत. माणसे तीच, कॉन्चेर्टो तोच. पहिल्यात सारे जागच्या जागी आहे. दुसऱ्यात पियानो आणि वाद्यवृंद एकमेकांना हाकारत सुटले आहेत. शेवटी तर दोघे धापा टाकत एकदमच दारात पोहोचतात आणि श्रोते उसळून उठतात. हे ध्वनिमुद्रण कंपनीने १९५९ साली बाजारात आणले. बहुतेक जाणकार त्यालाच पहिला मान देतात.

रोमानियाचा दिनू लिपाट्टी याची गोष्ट याहून हळवी आहे. १९१७ साली जन्मलेल्या या तरुणाला रक्ताशी निगडित असाध्य रोग जडला होता. १६ सप्टेंबर १९५० रोजी फ्रान्समधील बेझांसाँ गावी तो अखेरचा वाजवायला बसला. शोपाँ या संगीतकाराचे १४ वॉल्ट्झ कार्यक्रमात होते. तेरा झाले आणि हातांतले बळ संपले. तो थांबला, आणि मग बाखच्या एका प्रार्थनागीताची चाल वाजवून त्याने श्रोत्यांचा निरोप घेतला. २ डिसेंबरला तो गेला. वय अवघे ३३. बेझांसाँच्या ध्वनिमुद्रणात आजही तेराच वॉल्ट्झ आहेत. चौदावा दुसऱ्या तबकडीवरून घेऊन इथे जोडता आला असता. पण जोडला असता तर त्या संध्याकाळचे सारे सत्यच निघून गेले असते.

याच लिपाट्टीच्या नावाशी एक चमत्कारिक प्रकरण जोडलेले आहे. तो गेल्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी शोपाँच्या पहिल्या कॉन्चेर्टोची एक तबकडी त्याच्या नावाने बाजारात आली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. लिपाट्टीचाच हात, लिपाट्टीचीच नजाकत, अशी वाखाणणी झाली. १९८१ साली बीबीसीवरून ती वाजली तेव्हा एका चोखंदळ श्रोत्याच्या ध्यानात आले, की हे वादन हालिना चेर्नी-स्तेफान्स्का या पोलिश वादिकेच्या जुन्या तबकडीशी हुबेहूब जुळते. तपास झाला आणि ते तिचेच निघाले! पुढे लिपाट्टीचे खरे वादन हाती आले. ७ फेब्रुवारी १९५० रोजी झुरिचला, ओटो आकरमान यांच्या संचालनाखाली, श्रोत्यांसमोर झालेले. आवाजाच्या दृष्टीने ते सामान्य आहे. पण ते त्याचे आहे. या प्रकरणाने दोन धडे दिले. एक, नाव पाहून ऐकणाऱ्या कानाला भुरळ लवकर पडते. दुसरा, ध्वनिमुद्रणाबरोबर तारीख, गाव आणि माणूस यांची नोंद नसेल, तर पन्नास वर्षांनी कोणाचा हात कोणाच्या नावावर जाईल याचा नेम नाही.

दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. कॅनडाचा ग्लेन गूल्ड हा विलक्षण प्रतिभेचा पियानोवादक. त्याला श्रोत्यांसमोरचे वादन म्हणजे सर्कस वाटे. कात्री आणि फीत ही कलावंताची हक्काची हत्यारे आहेत. लेखक नाही का मजकूर खोडून पुन्हा लिहीत, असा त्याचा रोखठोक सवाल होता. १९६४ च्या एप्रिलमध्ये त्याने मैफल कायमची सोडली, आणि १९८२ साली मरेपर्यंत फक्त ध्वनिमुद्रणे केली. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण दैव असे, की त्याचे पुष्कळ चर्चिले गेलेले एक वादन मैफलीतलेच ठरले. ६ एप्रिल १९६२ रोजी न्यूयॉर्कला ब्राह्म्सचा पहिला कॉन्चेर्टो व्हायचा होता. गूल्डने धरलेली चाल फार संथ होती. संचालक लिओनार्ड बर्नस्टीन यांना ती मान्य नव्हती. वादन सुरू होण्यापूर्वी ते श्रोत्यांकडे वळले आणि आपला मतभेद त्यांनी उघड सांगितला. तरीही एका विचारी कलावंताची दृष्टी ऐकण्याजोगी आहे म्हणून आपण साथ करीत आहोत, असेही म्हणाले. ते भाषण आणि ते वादन, दोन्ही टिपले गेले. ज्याला मैफल नकोशी होती, त्याच्या हट्टाची साक्ष मैफलीच्या फितीनेच राखली.

होरोविट्झची तऱ्हा याच्या उलट. १९५३ साली त्याने मंच सोडला तो बारा वर्षे. ९ मे १९६५ रोजी कार्नेगी हॉलमध्ये तो परतला. पहिल्याच तुकड्याच्या आरंभी बोट चुकले. साऱ्या सभागृहाला ते कळले आणि साऱ्या सभागृहाने ते पोटात घातले. पण त्या कार्यक्रमाची तबकडी निघाली तेव्हा काही चुका दुरुस्त करून काढली गेली. पुढे ३८ वर्षांनी, २००३ साली, तोच कार्यक्रम जसा झाला तसा, चुकांसकट, कंपनीने पुन्हा प्रसिद्ध केला. आधी लपवलेली चूक आता मुद्दाम दाखवून विकली गेली! रसिकांची दृष्टी कशी पालटली त्याचा याहून बोलका पुरावा नको.

आता मुंबईकडे वळू. कारण या होरोविट्झच्या अखेरच्या मोठ्या कॉन्चेर्टोशी मुंबईचा धागा बांधलेला आहे.

मुंबईत पाश्चात्य संगीताची आवड पारशी, गोवेकर ख्रिस्ती आणि युरोपीय मंडळींनी जपली. धोबीतलावला १८६५ पासून असलेले फुर्टाडोचे दुकान म्हणजे वाद्ये आणि स्वरलिपीची पुस्तके मिळण्याचे हक्काचे ठिकाण. मेहली मेहता हे १९०८ साली जन्मलेले पारशी व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्या वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा असे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. तीच मुले मोठी होऊन मुंबईस येत, दिवसा सिनेमाच्या गाण्याला वाजवीत आणि सायंकाळी बेटोव्हेनला. सिनेमाची गाणीही तेव्हा सगळे वादक एकत्र बसून, एका दमात वाजवून घेत. कोणी एक चुकला तर सगळ्यांनी पहिल्यापासून. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्याच परंपरेतले. प्यारेलाल यांच्यासारखा शिष्य त्यांनी घडवला आणि १९५८ साली देशी राग आणि विलायती वाद्यवृंद यांची सांगड घालणारा जलसा मुंबईत केला.

मेहलींचा थोरला मुलगा झुबिन २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईत जन्मला. घरात सतत तालीम चाललेली, नाहीतर तबकड्या लागलेल्या. वाद्यवृंदाची मोठी रचना म्हणजे काय, हे त्याने प्रथम ग्रामोफोनच्या कर्ण्यातून आणि वडिलांच्या वादकांकडून ऐकले. घरच्यांच्या मनात त्याने डॉक्टर व्हावे असे होते. परंतु १९५४ साली, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नास संगीत शिकायला गेला. तिथला वाद्यवृंद प्रत्यक्ष कानी पडला तेव्हा तबकडीतून आपण किती थोडे ऐकत होतो ते त्याला उमगले. १९५८ साली लिव्हरपूलची संचालकांची स्पर्धा त्याने जिंकली; १९६२ साली लॉस एंजेलिसचा वाद्यवृंद हाती आला; आणि १९७८ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा संचालक म्हणून त्याची कारकीर्द सुरू झाली.

त्याच महिन्यात, २४ सप्टेंबर १९७८ रोजी, न्यूयॉर्कच्या एव्हरी फिशर हॉलमध्ये होरोविट्झ पियानोपुढे बसला. अमेरिकेतील त्याच्या पहिल्या वादनाला त्या वर्षी पन्नास वर्षे झाली होती. त्याआधी १९५३ पासून १९७८ च्या जानेवारीपर्यंत, पंचवीस वर्षे, त्याने वाद्यवृंदाबरोबर कॉन्चेर्टो वाजवलाच नव्हता. आता पंचाहत्तरी आठवड्यावर आलेली. समोर दूरचित्रवाणीचे कॅमेरे. आणि निवडला होता राखमानिनॉफचा तिसरा कॉन्चेर्टो. १९०९ साली राखमानिनॉफने तो अमेरिकेच्या दौऱ्यासाठी रचला, आणि जहाजावर मुका पट्टा घेऊन स्वतः त्याचा सराव केला. भल्याभल्या तरुणांची बोटे तिथे अडखळतात. होरोविट्झने हाच कॉन्चेर्टो १९३० साली लंडनला तबकडीवर दिला होता, १९५१ साली पुन्हा दिला होता. तेव्हाची विजेची चपळाई आता त्या बोटांत नव्हती, हे त्यालाही ठाऊक असणार.

ते चित्रण आज पाहता येते. म्हातारा सपाट बोटांनी, अंग न हलवता वाजवतो आहे. कुठे सूर घसरतात, कुठे तो मनास येईल तशी लय ओढतो, मध्येच एकदम सोडतो. बेचाळीस वर्षांचे मेहता काठी धरून उभे आहेत, आणि त्यांची नजर पुन्हा पुन्हा पियानोकडे वळते आहे. साथीदाराने गवयाच्या तोंडाकडे पाहत ठेका धरावा, तशी. म्हातारा कुठे थांबेल, कुठे धावेल ते ओळखून शंभरेक वादकांना त्याच्याबरोबर नेणे ही संचालकाची खरी परीक्षा. मेहलीबाबांच्या तालमी ऐकत वाढलेल्या मुलाने ती कशी दिली, ते ज्याने त्याने पाहावे. अखेरच्या भागात म्हातारा उरलीसुरली सारी ताकद गोळा करतो आणि वाद्यवृंद त्याला खांद्यावर घेऊन मुक्कामाला पोहोचवतो. १९३० च्या तबकडीत बोटे जास्त चोख आहेत. पण पंच्याहत्तरीला टेकलेला माणूस उंच कड्यावर पुन्हा चढतो आहे हे दृश्य त्या तबकडीत नाही. ते इथेच आहे.

म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे. निर्दोष तबकडी आपल्याला रचना ऐकवते. मैफलीची तबकडी माणूस ऐकवते. त्या दिवशी त्याची प्रकृती कशी होती, समोर कोण होते, बाहेर तोफा होत्या की पाऊस होता, हे सारे सुरांबरोबर येते. चूक हीसुद्धा त्या दिवसाची सही आहे.

आपल्या रसिकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. फितीची यंत्रे घरोघरी येऊ लागली तेव्हापासून महाराष्ट्रात कितीतरी हौशी मंडळींनी खासगी बैठकींची ध्वनिमुद्रणे केली. १९५३ पासून पुण्यास भरणारा सवाई गंधर्व महोत्सव असो, की कोणाच्या दिवाणखान्यातली चाळीस माणसांची बैठक असो. त्या फितींत पेल्यांचा किणकिणाट आहे, ‘वाहवा’ आहे, तानपुरा पुन्हा लावतानाची कुजबूज आहे. कंपनीच्या तबकडीत तीन मिनिटांत कोंबलेला राग इथे तासभर ऐसपैस बसलेला आहे. या फिती जमवणारांना त्या काळी लोक वेडे म्हणत. आज त्यांच्या वेडावरच आपले ऐकणे चालले आहे.

आता जासईची गोष्ट. आमच्या आगरी लग्नांत धवलारीण असे. ती लग्नाचा एकेक विधी धवले गाऊन पार पाडी. हळद, मांडव, वरात, प्रत्येकाचे धवले वेगळे. ना स्वरलिपी, ना वही. सासूकडून सुनेकडे, मावशीकडून भाचीकडे तोंडी आलेले. हे गाणे नेहमीच जिवंत मैफलीचे. कुठल्या कंपनीचा माणूस कर्णा घेऊन या मांडवांत आला नाही.

आणि मुलूख तर आमच्या डोळ्यांसमोर पालटला. १९७० नंतर नव्या शहरासाठी जमिनी गेल्या. त्यांच्या मोबदल्यासाठी जासईचेच दि. बा. पाटील उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. एके काळी मोरा बंदरावरून लाँचने भाऊच्या धक्क्यास जावे लागे. १२ जानेवारी २०२४ रोजी सुमारे २२ किलोमीटरचा सागरी सेतू खुला झाला आणि मुंबई पलीकडच्या आळीइतकी जवळ आली. शेते गेली, मिठागरे गेली. भात कापणीची गाणी ज्या शेतात म्हणत, तिथे आता लोखंडी कंटेनर उभे आहेत. लग्नाच्या मांडवात मोठ्या कर्ण्यांची गाणी लागतात, आणि धवले पाठ असलेल्या म्हाताऱ्या बायका एका कडेला खुर्चीवर बसून असतात.

भास्करबुवांची तबकडी नाही म्हणून आपण हळहळतो. त्यांच्या काळी यंत्र दुर्मीळ होते. आज प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे. दिवाळी सरली की तुळशीचे लग्न लागेल आणि मग घरोघरच्या लग्नांचे दिवस येतील. त्या वेळी घरातल्या थोरल्या आजीला, आत्याला, शेजारच्या काकूला हळदीच्या आदल्या संध्याकाळी चार धवले म्हणायला सांगावे आणि फोन जवळ ठेवावा. तिचा घसा बसलेला असेल, मधला एखादा चरण ती विसरेल, दुसरी बाई आठवण करून देईल, मागे कोंबडे आरवेल, पोरे भांडतील. काही कापू नये. लिपाट्टीची गोष्ट ध्यानात ठेवून तारीख, गाव आणि गाणारीचे नाव मात्र सुरुवातीलाच बोलून घ्यावे. गौहरजानने शेवटी पुकारले तसे तिनेच पुकारले तर आणखी उत्तम. आणि ते एका फोनवर न ठेवता, घरातल्या दोघा-तिघांकडे ठेवावे.

न्यूयॉर्कच्या त्या सभागृहातले वादन टिपायला कॅमेरे होते, कंपन्या होत्या. मांडवातल्या आजीला आपणच आहोत.